उलटलेली झोळी: जठराला पीळ पडतो तेव्हा

उलट्या होतात म्हणून दवाखान्यात येणारे पुष्कळ. उलटी होत नाही म्हणून कोणी येत नाही. पण एका दुखण्यात नेमकं तेच होतं. माणूस बादलीवर वाकून बसतो, उमाशांमागून उमासे येतात, डोळ्यांतून पाणी वाहतं, मानेच्या शिरा फुगतात, आणि तोंडातून पडते ती चमचाभर लाळ. घरचे म्हणतात, "एकदा ओकून टाक, मोकळं वाटेल." त्याला ओकताच येत नाही, कारण जठराचं वरचं तोंड आवळलं गेलेलं असतं.

डॉक्टरी भाषेत याला गॅस्ट्रिक व्हॉल्व्युलस म्हणतात, साध्या मराठीत जठराला पीळ पडणं. आपण जुलाबापासून परीक्षेच्या धास्तीपर्यंत कशालाही "पोटात पीळ पडला" म्हणतो. म्हणून आधीच सांगतो, इथे पीळ म्हणजे खराखुरा पीळ, ओलं धोतर पिळताना पडतो तसा. आजार दुर्मीळ आहे आणि म्हणूनच तो चुकतो. शोधायला तो फारसा अवघड नाही. वेळेवर सुचायला अवघड आहे.

समजा, पंचाहत्तरीच्या एक आजी आहेत. पाठीला थोडा बाक आलेला. गेली काही वर्षं चार घास खाल्ले की पोट गच्च होतं, जेवून उठल्यावर थोडी धाप लागते, अधूनमधून करपट ढेकर. रक्त कमी म्हणून लोहाच्या गोळ्या चालू आहेत, पण ते का कमी होतं याचा कोणी फारसा छडा लावलेला नाही. एका रात्री जेवणानंतर तासाभराने बरगड्यांच्या खाली मधोमध जोराची कळ येते. आधी ओवा आणि पादेलोण होतं, मग लिंबू-सोडा, मग गॅसची गोळी. कळ डाव्या खांद्याकडे सरकते तसे सगळे घाबरतात आणि हार्टचं असेल म्हणून त्यांना उचलून नेतात. ईसीजीत विशेष काही नाही. डॉक्टर पोट दाबून बघतात, ते हाताला मऊ लागतं. पोट रिकामं करावं म्हणून सिस्टर नाकातून नळी घालायला घेतात, तर ती अर्ध्यातच अडते. दुसऱ्यांदा घालतात, पुन्हा तिथेच अडते.

या आजी कोणी एक नाहीत, अनेक रोग्यांच्या गोष्टी जोडून मी त्या तयार केल्या आहेत. पण अनुभवी सर्जन हे वर्णन फोनवर ऐकूनच पायात चपला सरकवील.

आता जठर आत बसलेलं कसं असतं ते पाहू. बाळाला निजवायला साडीची दोन टोकं बांधून झोळी करतात ती डोळ्यांसमोर आणा. जठर साधारण तसंच टांगलेलं असतं. वरची गाठ म्हणजे अन्ननलिका छाती-पोटामधल्या पडद्यातून, म्हणजे श्वासपटलातून, खाली उतरून जठराला मिळते ती जागा. खालची गाठ म्हणजे जठर संपून लहान आतडं सुरू होतं ती. तिथून पुढचा आतड्याचा भाग पाठीच्या बाजूला घट्ट चिकटलेला असल्यामुळे हे टोक फारसं हलत नाही. या दोन गाठींच्या मध्ये लीटर-दीड लीटर मावेल अशी पिशवी लोंबते. ती कलंडू नये म्हणून तिला चारी बाजूंनी पडद्यासारखे पातळ बंध असतात: यकृताकडे, पानथरीकडे (प्लीहेकडे), वर श्वासपटलाकडे आणि खाली आडव्या मोठ्या आतड्याकडे. बंध धड असतील तर झोळी भरते, रिकामी होते, थोडी डुलते, पण उलटत नाही.

ती उलटायला दोनपैकी एक गोष्ट लागते. एकतर बंध सैल हवेत, किंवा झोळीला फिरायला शेजारी मोकळी जागा मिळायला हवी. नुसत्या सैल बंधांमुळे पीळ पडलेले रोगी असतात, पण मोठ्या माणसांत बहुतेक वेळा गुन्हेगार ती मोकळी जागाच असते, आणि ती छातीत असते.

छाती आणि पोट यांच्यामध्ये श्वासपटल नावाचा स्नायूंचा पडदा आहे. अन्ननलिकेला खाली यायला त्यात एक खिडकी असते. वय वाढलं, स्नायू ढिले झाले, पाठीला बाक आला, वर्षानुवर्षं खोकला किंवा कुंथणं चालू राहिलं की ही खिडकी रुंदावते. दर श्वासाला छाती आत ओढते आणि पोट खालून ढकलतं, दिवसाला वीस हजारांच्या आसपास वेळा. मग जठराचा वरचा भाग त्या खिडकीतून छातीत डोकवायला लागतो. हा हायटस हर्निया. त्याचा साधा प्रकार, ज्यात फक्त वरची गाठ थोडी वर सरकते, अगदी सर्रास सापडतो. एंडोस्कोपीच्या रिपोर्टवर तो शब्द वाचून ज्यांची झोप उडाली असेल त्यांनी निवांत राहावं. त्यातून पीळ सहसा पडत नाही. धोका असतो तो अन्ननलिकेच्या बाजूने जठराचं पोटच वर चढतं त्या प्रकारात. काही रोग्यांत जवळजवळ सगळं जठर छातीत जाऊन बसतं. दोन्ही गाठी मात्र आपापल्या जागेजवळच राहतात. टोकं बांधलेली आणि मधला भाग वर खेचला जातोय, अशी झोळी दुसरं काय करणार? खालची कड वर जाते आणि झोळी उलटी होते.

हाच सगळ्यात जास्त आढळणारा प्रकार आहे. दोन गाठींना जोडणाऱ्या रेषेभोवती जठर फिरतं, वरची कड खाली आणि खालची कड वर. दुसऱ्या प्रकारात झोळी आडवी दुमडते, म्हणजे खालच्या गाठीकडचा भाग उचलला जाऊन वरच्या गाठीच्या समोर किंवा तिच्याही वर येतो. काहींत दोन्ही मिसळलेले असतात. नातेवाइकांना समजावताना मी रुमालाची दोन टोकं त्यांच्याच हातात देतो आणि मधला भाग फिरवून दाखवतो. चित्रापेक्षा ते लवकर कळतं. फिरणं थोडं असेल तर अन्न कसंबसं खाली उतरत राहतं. ते १८० अंशांच्या पुढे गेलं की दोन्ही तोंडं बंद होऊ लागतात.

श्वासपटलात वाट तयार होण्याची इतरही कारणं आहेत. अपघातात पोटाला जबर मार बसून पडदा फाटतो. उजवीकडे यकृत आडवं येत असल्यामुळे फाटलेला दिसतो तो बहुधा डावा. त्या वेळी हाड मोडल्याच्या गडबडीत हे लक्षात येत नाही आणि कित्येक वर्षांनी जठर त्या फटीतून वर जातं. म्हणून "कधी मोठा अपघात झाला होता का?" हा प्रश्न डॉक्टर विचारतात तो उगाच नसतो. श्वासपटलाची नस निकामी होऊन एक बाजू वर उचलली गेली तरी खाली तशीच पोकळी तयार होते. तान्ह्या मुलांमध्ये पडद्याला जन्मजात भोक असतं, किंवा पानथरीचे बंध सैल असल्यामुळे ती आणि जठर दोन्ही भटकतात. लहान मुलांचा विषय मात्र पुष्कळ वेगळा आहे, इथे मी मोठ्यांपुरतंच बोलतो.

दोन्ही तोंडं बंद झाली की आत काय होतं? आपण रोज लीटरभर लाळ गिळतो, आणि जठर स्वतः दोनेक लीटर पाचकरस तयार करतं. पीळ पडला म्हणून हा कारखाना लगेच थांबत नाही. बंद पिशवी फुगत जाते. पिशवी छातीत असेल तर फुप्फुसं आणि हृदय दाबलं जातं, म्हणून धाप लागते, म्हणून कळ हार्टसारखी वाटते. भिंतीतल्या रक्तवाहिन्यांपैकी पातळ भिंतीच्या शिरा आधी दबतात. रक्त आत येतं पण परत जाऊ शकत नाही, भिंत सुजते, सुजेमुळे धमन्याही आवळल्या जातात. आतलं अस्तर आधी मरतं आणि त्यातून रक्त पाझरतं, मग पूर्ण भिंत काळी पडते, मग फुटते. निसर्गाने एक मेहेरबानी केली आहे: जठराला रक्त पुरवणाऱ्या धमन्या अनेक आहेत आणि त्या आपसात जोडलेल्या आहेत. त्यामुळे पीळ पडलेलं आतडं ज्या झपाट्याने सडतं तितकं जठर सहसा सडत नाही. पण किती तास हातात आहेत हे बाहेरून सांगता येत नाही. सुंभ जळला तरी पीळ जळत नाही म्हणतात. इथे पीळ सोडवायचा तो सुंभ जळायच्या आत.

या आजाराची नोंद १८६६ साली बर्टी नावाच्या इटालियन डॉक्टरने पहिल्यांदा केली, तीही शवविच्छेदनात. लक्षणांची ओळख पटायला १९०४ उजाडलं. बर्लिनचा सर्जन मोरिट्झ बोरशार्ट याने तीन खुणा एकत्र मांडल्या: पोटाच्या वरच्या भागात अचानक तीव्र कळ, उमासे येतात पण उलटी पडत नाही, आणि जठरात नळी उतरत नाही. आजही वैद्यकाचे विद्यार्थी हेच त्रिकूट पाठ करतात. हाच बोरशार्ट १९२२ साली मॉस्कोला गेला आणि लेनिनच्या शरीरात १९१८च्या हल्ल्यापासून अडकलेली एक गोळी त्याने काढली. पुढे नाझी राजवटीत ज्यू म्हणून त्याला जर्मनी सोडून अर्जेंटिनाला जावं लागलं. योगायोग असा की या दुखण्याच्या ऑपरेशनमध्ये आज जी पद्धत सर्रास वापरतात तिचा जनक रुडॉल्फ निसेन हाही १९३३ मध्ये असाच जर्मनीतून बाहेर पडून इस्तंबूलला गेला होता. त्याच्याकडे नंतर येतो.

बोरशार्टचं त्रिकूट सगळ्यांत पूर्ण दिसत नाही. पीळ अपुरा असेल तर उलट्या होतात. नळी कधीकधी उतरते. मग निदान कशावर करायचं?

सगळ्यात स्वस्त उत्तर आहे छातीचा साधा एक्स-रे. अट एकच, तो उभं करून किंवा निदान बसवून काढलेला हवा. हृदयाच्या सावलीमागे हवेचा मोठा फुगा आणि त्यात खाली पाण्याची सरळ आडवी रेघ दिसली की जठर छातीत आहे हे जवळजवळ ठरलं. रोगी झोपलेला असेल तर पाणी पसरतं आणि रेघ दिसत नाही. माझ्या मते पोटाच्या वरच्या भागात दुखणाऱ्या कोणत्याही म्हाताऱ्या माणसाचा छातीचा एक्स-रे बसवून काढलाच पाहिजे. पण आपल्याकडे पोटदुखी म्हटलं की आधी सोनोग्राफी हा शिरस्ता पडला आहे. पित्ताशयातले खडे बघायला ती उत्तम. हवेने फुगलेल्या आणि बरगड्यांआड लपलेल्या जठरापुढे मात्र तिचं फारसं चालत नाही, कारण तिच्या लहरी हवेतून पुढे जात नाहीत. "सोनोग्राफी नॉर्मल आहे" या वाक्यावर इथे विसंबता येत नाही.

एक्स-रेमध्येही फसगत होते. छातीत हवा आणि पाणी दिसलं म्हणून फुप्फुसाभोवती पू किंवा हवा साठली असं समजून छातीत नळी घातली, आणि ती थेट जठरात शिरली, असे प्रकार वैद्यकीय नियतकालिकांत नोंदलेले आहेत. रक्ततपासणीही चकवते. अमायलेज नावाचं पाचक द्रव्य रक्तात वाढलेलं आलं की लक्ष स्वादुपिंडाच्या सुजेकडे जातं, पण ते जठराच्या पिळातही वाढू शकतं. पोट मऊ लागण्याचं कारणही आता कळलं असेल: दुखणारा अवयव पोटात नाहीच, तो छातीत आहे, हात तिथे पोचणार कसा?

खरी उकल होते सीटी स्कॅनमध्ये. दोन्ही गाठी कुठे आहेत, जठर कोणत्या बाजूने फिरलं आहे, पडद्यातलं भोक केवढं आहे, सोबत मोठं आतडं किंवा पानथरीही वर गेली आहे का, हे सगळं त्यात दिसतं. शिरेतून रंगद्रव्य देऊन स्कॅन केला तर जिवंत भिंत उजळते आणि रक्त न पोचलेली भिंत काळपट राहते. भिंतीच्या आत हवेचे बुडबुडे दिसले तर प्रकरण हाताबाहेर चाललं आहे. नुसता अधूनमधून त्रास होणाऱ्या, घाई नसलेल्या रोग्यांत बेरियम पाजून काढलेले एक्स-रेही छान चित्र देतात. त्यात उलटी झोळी अक्षरशः उलटी दिसते.

निदान झालं की लगेच ऑपरेशनच्या टेबलावर नेत नाहीत, आणि नातेवाइकांना तो उशीर वाटतो. पहिला तास-दोन तास रोग्याला सावरण्यात जातात. सलाइन, पोटॅशियम आणि इतर क्षार जागेवर आणणं, प्रतिजैविकं, ऑक्सिजन. पाण्याअभावी मूत्रपिंडं थकलेली असतात, लघवी किती होते ते तासातासाला मोजतात. आणि नळी. फुगलेलं जठर एकदा रिकामं झालं की भिंतीवरचा ताण उतरतो, रक्त पुन्हा फिरू लागतं, कधीकधी पीळही आपसूक थोडा सुटतो. पण नळी जोर लावून घालायची नसते. सुजलेली भिंत फाटू शकते. ती उतरत नसेल तर एंडोस्कोपीची दुर्बीण तोंडातून आत नेऊन, डोळ्यांनी बघत, वाट काढता येते.

त्याच दुर्बिणीने कुशल हात जठर सरळही करू शकतात. दुर्बिणीचा वेढा आत घालायचा आणि ती फिरवत पुढे न्यायची, म्हणजे जठर तिच्यासोबत वळतं. ऐकायला जादू वाटते. पण जठर मेल्याची शंका असेल तर हे करायचं नाही, आणि सरळ केलेलं जठर तसंच ठेवलं तर उद्या पुन्हा फिरेल, कारण भोक तिथेच आहे. फार थकलेल्या, मोठी भूल न झेपणाऱ्या रोग्यांत मग जठराला पोटाच्या भिंतीशी बांधून ठेवतात. त्वचेतून थेट जठरात नळ्या बसवतात, शक्यतो दोन ठिकाणी. दोन का, तर एका खुंटीला बांधलेलं जनावर तिच्याभोवती फिरतं. दोन खुंट्यांना बांधलं की फिरता येत नाही. ही तडजोड आहे, पण नव्वदीच्या माणसासाठी कधीकधी तीच शहाणपणाची ठरते.

बाकीच्यांसाठी ऑपरेशन. सही घेताना नातेवाईक विचारतात, "नक्की काय करणार?" आणि सर्जन म्हणतो, "आत बघितल्यावर कळेल." हे उत्तर टाळाटाळीचं वाटतं, पण खरं आहे. जठर गुलाबी असेल तर एक ऑपरेशन, काही भाग काळा असेल तर दुसरं, सगळंच गेलं असेल तर तिसरं. मरणाचा धोकाही त्यावरच ठरतो. जुन्या काळी अचानक पडलेल्या पिळात तीनात एक, काही नोंदींत तर निम्मे रोगी दगावत. आता निदान लवकर होतं आणि आयसीयू सुधारली आहेत, म्हणून आकडे बरेच खाली आले आहेत, पण जठर सडल्यावर आलेल्या म्हाताऱ्या रोग्याची लढाई आजही कठीणच असते.

रोग्याची तब्येत स्थिर असेल तर हे काम हल्ली दुर्बिणीतून होतं. पोटावर पाच छोटी भोकं, आत कार्बन डायऑक्साइड भरून फुगवलेली जागा, टेबल डोक्याकडून उंच केलेलं, म्हणजे आतडी आपोआप खाली सरकतात. भूल देणाऱ्या डॉक्टरांसाठी सुरुवातीची दोन मिनिटं सगळ्यात जोखमीची: भरलेल्या जठरातलं उलटून फुप्फुसात जाऊ नये म्हणून श्वासनळीत नळी झटपट घालावी लागते.

मग जठर छातीतून खाली ओढायचं. विहिरीतून दोर ओढतात तसं, एक हात सोडून दुसरा, हलक्या चिमट्यांनी, झटका न देता. सुजलेली भिंत ओल्या कागदासारखी असते. बऱ्याचदा या ओढण्यातच पीळ सुटतो आणि नवख्या माणसाला वाटतं की काम झालं. खरं तर काम इथे सुरू होतं. पीळ हा परिणाम होता. मूळ दुखणं पडद्यातलं भोक आणि सैल बंध हे आहे. नुसता पीळ सोडवून पोट शिवलं तर तो पुन्हा पडायला मोकळा.

जठर खाली आलं की त्याचा रंग बघायचा. काळपट-निळं दिसलेलं जठर पीळ सुटल्यावर गुलाबी होऊ शकतं, म्हणून सर्जन थोडा वेळ नुसता वाट बघत उभा राहतो. काही ठिकाणी हिरवं चमकणारं रंगद्रव्य शिरेतून देऊन खास कॅमेऱ्याने रक्त पोचतंय का ते बघतात. न सुधारणारा भाग स्टेपलरने कापून काढतात. सगळं जठर काढावं लागणं क्वचित; जठराशिवाय माणूस जगू शकतो, पण थोडं-थोडं खात आणि ब-१२ जीवनसत्त्वाची इंजेक्शनं घेत.

मग छातीतली पिशवी सोडवायची. जठर वर गेलं तेव्हा पोटाच्या आतलं अस्तरही सोबत खेचून गेलं, त्याची एक थैली छातीत तयार झालेली असते. ती हृदयाच्या मागे, महारोहिणीच्या (शरीरातल्या सगळ्यात मोठ्या धमनीच्या) शेजारी, फुप्फुसांच्या आवरणांच्या मधोमध असते. तिला सोडवणं हा या ऑपरेशनमधला सगळ्यात वेळखाऊ आणि, खरं सांगायचं तर, सगळ्यात देखणा भाग. थर बरोबर सापडला तर ती फारसं रक्त न येता सुटते. थैली तशीच ठेवली तर ती जठराला पुन्हा वर ओढते. अन्ननलिकाही आजूबाजूने मोकळी करून तिचा अडीच-तीन सेंटीमीटर भाग ताण न देता पोटात राहील असं बघतात. वर्षानुवर्षं आखडलेली अन्ननलिका कधीकधी तेवढी लांब भरतच नाही, तेव्हा जठराच्याच वरच्या भागातून नळी तयार करून ती वाढवावी लागते.

आता खिडकी लहान करायची. तिच्या दोन्ही बाजूंचे स्नायू न विरघळणाऱ्या धाग्याने अन्ननलिकेच्या मागे एकत्र शिवतात. किती घट्ट, हे अनुभवाचं काम: फार सैल तर हर्निया परत, फार आवळलं तर घास अडकणार. मोठ्या भोकावर जाळी लावावी का, हा सर्जनांच्या परिषदांमध्ये हमखास वाद घडवणारा प्रश्न आहे. अमेरिकेत झालेल्या एका तुलनेचे निकाल २००६ साली आले. जैविक, म्हणजे प्राण्यांच्या ऊतींपासून केलेली, जाळी लावलेल्यांत सहा महिन्यांनी ९ टक्क्यांत हर्निया परतला होता, नुसत्या टाक्यांवर २४ टक्क्यांत. जाळीवाले खूश झाले. त्याच रोग्यांची साधारण पाच वर्षांनंतरची तपासणी २०११ मध्ये प्रसिद्ध झाली, तेव्हा दोन्ही गटांत निम्म्याहून अधिक लोकांत एक्स-रेवर हर्निया परतलेला दिसला आणि फरक पुसला गेला होता. प्लास्टिकची जाळी अन्ननलिकेला घासून आत शिरण्याची भीती असते ती वेगळीच. म्हणून माझा कल टाके नीट घालण्याकडे आहे. परतलेला हर्निया बहुतेकांत लहान असतो, त्रास देत नाही, पुन्हा ऑपरेशन लागतं ते मोजक्यांना. रोग्याला हे आधीच सांगितलेलं बरं.

यानंतर निसेनची पद्धत येते. १९५०च्या दशकात स्वित्झर्लंडमध्ये बाझेलला असताना त्याने ती वापरात आणली. जठराचा वरचा मऊ भाग अन्ननलिकेच्या खालच्या टोकाभोवती गळपट्ट्यासारखा गुंडाळून शिवायचा. हेतू मुळात आम्ल वर येऊ नये हा, पण इथे तिचा आणखी एक फायदा होतो: गुंडाळलेली गाठ पडद्याखाली अडसरासारखी बसते. वयस्क रोग्यांत घास अडकू नये म्हणून पुष्कळ जण पूर्ण वेढा न घालता पाऊण वेढाच घालतात. आणि शेवटी जठराचा पुढचा भाग पोटाच्या भिंतीला टाक्यांनी बांधतात. हायटस हर्निया नसेल, नुसते बंध सैल असतील, तर मुख्य ऑपरेशन हे बांधणंच. कुत्रा पाळणाऱ्यांच्या हे ओळखीचं असेल. ग्रेट डेनसारख्या खोल छातीच्या जातींमध्ये जठर फिरणं इतकं होतं आणि इतक्या झटकन जीव घेतं, की पशुवैद्य काही वेळा पीळ पडायच्या आधीच जठर शिवून ठेवतात.

मग माणसांतही, छातीत चढलेलं जठर एक्स-रेवर दिसलं की त्रास नसतानाच ऑपरेशन करून टाकावं का? पूर्वी याचं उत्तर हो असं होतं. १९६७ साली प्रसिद्ध झालेल्या एका अहवालात ऑपरेशन न केलेल्या २१ रोग्यांपैकी ६ जण गुंतागुंतीने गेले होते, आणि पुढची तीसेक वर्षं सर्जन तो आकडा पुढे करत राहिले. २००२ मध्ये बॉस्टनच्या डॉक्टरांनी हिशोब नव्याने मांडला. फारसा त्रास नसलेल्यांत तातडीचं ऑपरेशन लागेल अशी वेळ येण्याची शक्यता वर्षाला साधारण १.१ टक्का निघाली, आणि अशा बहुतेकांनी नुसती नजर ठेवावी असा त्यांचा निष्कर्ष होता. आमच्या आजींना मात्र हा नियम लागू नाही. चार घासांत पोट भरणं, जेवल्यावर धाप, कारण न सापडणारी रक्ताची कमी ही लक्षणंच आहेत. पडद्याच्या कडेवर घासून जठराच्या आत लांबट जखमा होतात आणि त्यातून थेंबथेंब रक्त जातं. लोहाच्या गोळ्या वर्षानुवर्षं चालू राहतात आणि गळती कोणी बघत नाही. अशा रोग्याचं ऑपरेशन दिवस ठरवून, तयारीनिशी केलं तर ते रात्री तीन वाजता घाईने करण्यापेक्षा कितीतरी सुरक्षित असतं.

जेवून लगेच झोपलं, ओझं उचललं, आसनं केली म्हणून धडधाकट माणसाचं जठर फिरतं का, असं लोक विचारतात. फिरत नाही. आणि बेंबी सरकली म्हणून पोट चोळून घेण्याचा जो प्रकार आपल्याकडे चालतो, त्याचा या पिळाशी काही संबंध नाही. चोळून हा पीळ सुटणार नाही. भिंत नाजूक झालेली असेल तर फाटेल मात्र.

ऑपरेशननंतर सगळ्यात जपायचं ते उमाशांना. पहिल्या काही दिवसांत एक जोरदार उमासा पडद्याचे टाके उसवू शकतो, म्हणून मळमळ नसली तरी तिचं औषध आधीच चालू ठेवतात. दुर्बिणीतून, ठरवून केलेलं ऑपरेशन असेल तर रोगी तीन-चार दिवसांत घरी जातो. पहिले दोन-चार आठवडे पेज, ताक, मऊ वरण-भात, कुस्करलेलं केळं. कोरडी पोळी, पाव, मटणाचे तुकडे आणि सोडावॉटर नको. गुंडाळलेल्या जागी सूज असते, तिथे मोठा घास अडकतो आणि ढेकरही नीट निघत नाही. भाकरी खायची झालीच तर दुधात पूर्ण मोडून. महिना-दीड महिना पाण्याची कळशी उचलायची नाही, कुंथायचं नाही, खोकला झाला तर अंगावर काढायचा नाही. थोडं-थोडं, दिवसातून पाच-सहा वेळा खायचं. डिस्चार्जचा कागद जपून ठेवायचा, कारण पुढे कधी नाकातून नळी घालायची किंवा एंडोस्कोपी करायची वेळ आली तर आत जठर कुठे आणि कसं बांधलं आहे हे त्या डॉक्टरांना आधी कळलं पाहिजे. आणि पुन्हा कधी वरच्या पोटात कळ येऊन कोरडे उमासे सुरू झाले, तर ओव्याच्या डबीकडे न जाता तो कागद घेऊन थेट हॉस्पिटल गाठायचं.